पंचमीचा झोका आणि बिराजदारांची सही

महेश्वर बिराजदार पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "तेहतीस वर्षांत बिराजदारांच्या सहीवरून एकदाही चौकशी लागली नाही." टाळ्या पडल्या. का लागली नाही, ते मात्र कुणी विचारलं नाही. बिराजदारांनी तेहतीस वर्षांत पगारपत्रक सोडून कशावर धड सहीच केली नव्हती. फायलीवर ते 'सादर' असं लिहीत, खाली गांडूळ वळवळल्यासारखी एक रेघ ओढत आणि फाईल पुढच्या टेबलावर ढकलून देत. उद्या कोर्टात उभं केलं असतं, तर ती रेघ आपली नव्हेच असं ते बेलभंडार उचलून सांगू शकले असते.

अशा माणसानं साठी उलटल्यावर, बीपीची गोळी चालू असताना, भर सभेत, पूर्ण नावानिशी आणि तारखेसकट सही केली. तीही कशावर, तर लहान मुलांच्या झोक्यावर. त्या सहीनं पुढं त्यांचे जे हाल केले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत.

विजापूर रोडच्या मागं शिवगंगा नगर म्हणून कॉलनी आहे. तिथं एक बालोद्यान आहे, म्हणजे तसा बोर्ड आहे. घसरगुंडीला मधोमध भोक. वरून निघालेलं पोर खाली पोचेपर्यंत त्याची चड्डी वरच राहिलेली असायची. झोक्याचे दोन खांब शिल्लक होते, त्यातल्या एकाला कुणाची तरी शेळी बांधलेली असे. त्यातल्या त्यात नाव घेण्यासारखा होता तो कोपऱ्यातला कडुनिंब. दर नागपंचमीला कॉलनीतल्या बायका त्याला दोर टाकून झोका बांधायच्या. तोही यंदा मेमधल्या वावटळीत आडवा झाला.

मग उद्यान सुधारायचं ठरलं. ठरवलं प्रभु कलशेट्टींनी. त्यांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. जन्मभर मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय, की ते कानात बोलले तरी पलीकडच्या गल्लीतून उत्तर येतं. "बिराजदार, अर्ज तुम्ही लिहा," ते म्हणाले. बिराजदारांनी लिहिला. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. खाली 'समस्त रहिवासी' असं लिहून ते मोकळे झाले.

दीड महिन्यानं उद्यान कार्यालयातल्या शिवलीला मॅडमचा फोन आला. नवा झोका मंजूर, फक्त एक हमीपत्र द्यायचं. खाली एका जबाबदार नागरिकाची सही हवी.

हमीपत्र घेऊन सगळे बालोद्यानात जमले. कागद पानसुपारीच्या तबकासारखा या हातातून त्या हातात फिरला आणि प्रत्येकानं नुसता हात लावून पुढं दिला. प्रभुअण्णा म्हणाले, माझ्या नावावर आधीच कारखान्याचे शंभर कागद आहेत. महिला मंडळाच्या काशम्मा म्हणाल्या, आमच्या सहीला नंतर तुम्हीच नावं ठेवणार. शेवटी कागद बिराजदारांपाशी येऊन थांबला.

"वाचून उद्या सांगतो," बिराजदार म्हणाले.

"घाबरायलाव काय सहीला?" प्रभुअण्णांनी विचारलं. त्यांच्या हिशेबानं हे हळू होतं. रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघायला लागला.

बिराजदारांनी बायकोकडं पाहिलं. दाक्षायणीबाई काशम्मांच्या शेजारी उभ्या होत्या. निदान "राहू द्या हो" एवढं तरी तिनं म्हणावं, एवढीच त्या माणसाची अपेक्षा होती. ती नुसती चपलेकडं बघत राहिली. नवरा भित्रा आहे हे बायकोला ठाऊक असणं वेगळं आणि तिनं चारचौघात चपलेकडं बघणं वेगळं. बिराजदारांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'महेश्वर गुरुबसप्पा बिराजदार'. अक्षर मोत्यासारखं आलं. त्याचंच पुढं वाईट वाटलं. रेघ असती तर नाकारता आली असती.

कागद त्यांनी नंतर घरी जाऊन वाचला. कलम सात: 'सदर खेळणे बारा वर्षांखालील मुलांकरिता असून, त्यावरून पडून कोणासही इजा झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी खाली सही करणार यांची राहील.' त्यातला 'सर्वस्वी' हा शब्द त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचला, तरी तो तसाच राहिला.

झोका बसवायला हिंदुराव नावाचा माणूस आला. उजनीच्या काठच्या गावचा, उन्हानं रापलेला, तोंडात तंबाखू. दोन दिवसांत त्यानं खांब उभे केले, साखळ्या लावल्या आणि दोन पाट अडकवले.

"काय हुत न्हाय सायेब. हत्ती बसला तरी हलायचा न्हाय."

"हत्तीचं राहू दे. माणसाचं किती वजन पेलेल?"

"दीडशे किलो. डोळं झाकून."

"डोळे उघडे ठेवून किती?"

हिंदुराव बाजूला तंबाखू थुंकला. "तुमी लईच घाबरता सायेब," तो म्हणाला.

"लेखी देशील का दीडशेचं?"

"लेखी कशाला? आमी धरणाच्या पाण्यात मोटारी बसवतो त्या बी जबानीवर," असं म्हणून तो गाडीला किक मारून गेला. त्याच्या कंत्राटदार साहेबाचा फोन त्या दिवसापासून जो बंद आहे, तो आजतागायत.

तेव्हापासून बिराजदार रोज चार ते सात झोक्यापाशी खुर्ची टाकून बसायला लागले. गळ्यात शिट्टी. पोरगं आलं की जन्मतारीख. साखळी जरा कुरकुरली की शिट्टी. पोरगं हसलं की शिट्टी, कारण हसताना हात सुटतात. आठवड्याभरात अशी अवस्था झाली की झोका नवा कोरा, बिराजदार खुर्चीवर, आणि पोरं सगळी पलीकडं त्या भोकाच्या घसरगुंडीवर. एवढं करून रात्री झोप नव्हतीच. एखादं पोर हवेतून भिरभिरत येतंय आणि खाली 'सर्वस्वी' असं लिहिलेली जमीन आहे, असं स्वप्न पडून ते दचकून उठत.

आणि अशात श्रावण तोंडावर आला.

"अक्काला आणायला कधी जाताय?" दाक्षायणीबाईंनी विचारलं. "पंचमी आठ दिवसांवर आली. काशम्मा म्हणत होत्या, कडुनिंब गेला म्हणून वाईट वाटत होतं, पण यंदा लोखंडी झोका आहे. सगळ्या तिथंच जमणार. अक्का तर फोनवर नाचायला लागल्या."

बिराजदारांनी कॅलेंडरवरचे आठ दिवस बोटानं पुन्हा मोजले.

इथं अक्काचं सांगायलाच हवं. चंद्रव्वा, बिराजदारांची थोरली बहीण, अक्कलकोटजवळच्या खेड्यात दिलेली. वय सदुसष्ट, वजन नव्वदच्या घरात आणि उजवा हात कोपरात वाकडा. त्या कोपराकडं बिराजदारांनी गेल्या चोपन्न वर्षांत सरळ नजरेनं पाहिलेलं नाही. त्या साली ते नऊ वर्षांचे होते, अक्का तेराची. पंचमीला चिंचेच्या झाडाला दोर बांधायचं काम कधी नव्हे ते धाकट्या महेशाला मिळालं होतं. झाडावर चढून त्यानं गाठ मारली, खाली उतरला. अक्का पाटावर उभी राहिली आणि म्हणाली, "पक्कं हाय का रं, तम्मा?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तम्मा छाती काढून म्हणाला, "पक्कं हाय!" आणि तो पाठ फिरवून आईला बोलवायला गेला, तेवढ्यात मागं कडाड आवाज झाला आणि अक्काची किंकाळी ऐकू आली. त्यानं वळून पाहिलंच नाही. तो पळाला, तो कडब्याच्या गंजीत जाऊन बसला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा अप्पांनी फोडून काढला. गाठ नीट मारली नाहीस, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. त्यानंतर महेश्वर बिराजदार जन्मात कुणाला 'पक्कं आहे' असं म्हणाले नाहीत. लोकांना वाटायचं माणूस सरकारी आहे.

आणि आता तीच अक्का, तीच पंचमी, आणि झोका त्यांच्या सहीचा!

पहिला उपाय म्हणून त्यांनी बोर्ड रंगवून घेतला: 'बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये.' दुसऱ्या दिवशी काशम्मा दारात. "आमची वयं चव्हाट्यावर काढता काय? पंचमीला झोका घ्यायचा नाही तर मग घ्यायचा कधी? वर्षात एक दिवस पाय जमिनीवरून उचलतो आम्ही." महिला मंडळानं संध्याकाळपर्यंत त्या बोर्डावर पंचमीच्या कार्यक्रमाचा कागद चिकटवला.

दुसरा उपाय, सही मागं घेणं. बिराजदार उद्यान कार्यालयात गेले. शिवलीला मॅडम शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या, "घेता येते की काका. अर्ज द्या. फक्त तुमच्या जागी दुसऱ्या जबाबदार नागरिकाची सही लागेल."

"आणि दुसरा मिळाला नाही तर?"

"मग तुम्हीच आहात की."

"झोकाच परत न्या."

"त्यालाही अर्ज. त्याच्यावर जबाबदार नागरिकाची, म्हणजे तुमचीच सही. आणि काढताना कुणाला लागलं तर..." मॅडमनी कलम सातवर बोट ठेवलं. बिराजदार आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. या बाजूनं बसलं की तेच टेबल किती रुंद होतं, हे त्यांना तेव्हा समजलं.

तिसरा उपाय त्यांनी स्वतः शोधला. हिंदुराव म्हणतो दीडशे, तर आपण करून बघू. सकाळी साडेसहाला त्यांनी घरातलं ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं स्कूटरवर घालून नेलं. ते पाटावर बसवलं, त्याच्यावर पंचवीस किलोचं दुसरं ठेवलं, अक्काच्या उरलेल्या वजनापोटी पाण्याचा भरलेला कॅन बांधला, आणि हलकेच झोका दिला. एक, दोन, तीन... साखळी टिकली. बिराजदारांना धीर आला. ते जोरात झोका द्यायला लागले. फिरायला आलेले लोक फाटकापाशी उभे राहून बघत होते, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बाराव्या झोक्याला वरचं पोतं निसटलं, आपटलं, आणि फुटलं. अख्ख्या कॉलनीची कबुतरं तिथं उतरली.

"रिटायर झाल्यावर होतं असं," एक जण हळहळला. "माझ्या साडूनंही बोलायचं बंद केलं होतं. निदान तो पोत्याला झोका देत नव्हता."

"टॉवेल पाठवू काय, घाम पुसायला?" प्रभुअण्णांनी गच्चीवरून विचारलं.

बिराजदारांना लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यापुढं एकच गोष्ट होती. झोका टिकला, पण पोतं पडलं. आणि हमीपत्रात मोडण्याचा नव्हे, पडण्याचाच उल्लेख होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी ते अक्काला घेऊन आले. ती बसमध्ये मांडीवर तंबिटाच्या लाडवांचा डबा घेऊन, झोक्याबद्दलच बोलत होती. "लोखंडाचा हाय म्हणं? दोघी दोघी उभ्या राहू शकतात म्हणं?" बिराजदार खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर ते भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, पाना घेऊन बालोद्यानात गेले आणि दोन्ही पाट काढून आणले. एका जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून त्यांनी ते दिवाणावर गादीखाली सरकवले. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली होती. तीही स्वतःच्याच जबाबदारीवरच्या मालाची.

सकाळी अक्का कंबर धरून उठली. "दाक्षायणी, तुमच्या गादीत काय दगड भरलाय का ग?"

दाक्षायणीबाईंनी गादी उचलली. चादर उलगडली. पाट बघितले. मग नवऱ्याकडं बघितलं. या वेळी चपलेकडं नाही, थेट त्यांच्याकडं.

"चला," त्या म्हणाल्या, "पाना घ्या."

"आज पंचमी आहे. आज लोखंड चालवत नाहीत," बिराजदार कसेबसे म्हणाले.

"नांगर चालवत नाहीत. चिरत नाहीत, खणत नाहीत, तवा ठेवत नाहीत. पाना फिरवू नये असं कुठल्याही नागोबानं सांगितलेलं नाही."

बालोद्यानात वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. नव्या साड्या, हातावर मेंदी, डब्यांत लाह्या आणि लाडू. भिंतीच्या कडेनं पुरुष. बिराजदारांनी खाली मान घालून पाट अडकवायला सुरुवात केली. नट बसेना. बसला तर फिरेना. घामानं पाना निसटून पायावर पडला.  शेवटचा नट आवळला तेव्हा अक्का पुढं आली. तिनं डाव्या हातानं साखळी धरली, उजवा वाकडा हात दुसऱ्या साखळीभोवती घातला आणि सहज, कालच विचारल्यासारखं विचारलं, "पक्कं हाय का रं, तम्मा?"

बिराजदार पाना बाजूला ठेवून साखळीपाशी मातीत बसले.

"अक्का, माझ्या भरवशावर बसू नको ग," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मागं एकदा सांगितलं होतं पक्कं आहे म्हणून. गाठ सुटली. तुझा हात कायमचा गेला. मला नको ते पुन्हा."

"कुठली गाठ?" अक्का म्हणाली.

"चिंचेवरची. माझी."

"यव्वा!" अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "गाठ कुठं सुटली होती रं? फांदी मोडली, फांदी! कडाड वाजली, ते काय दोर वाजतो होय? आतून किडलेली होती मेली. अप्पांनी दोरासकट फांदी सरपणाला घरी आणली. तीन माणसं बसली, तुझी गाठ काही सुटंना. पंचमीला कापायचं न्हाय म्हणून रात्रभर तशीच अंगणात पडली, आन् दुसऱ्या दिवशी विळ्यानं दोर कापला. आई वर्षभर सांगत होती गावाला, माझ्या लेकराची गाठ बघा म्हणून."

बिराजदारांनी डोळे पुसले. "मग अप्पांनी मला का मारलं?"

"गंजीत लपला होतास! आमी विहिरीत गळ टाकून तुला हुडकत हुतो. मारायचं नाही तर काय ओवाळायचं हुतं?"

"मला कुणी सांगितलं नाही..."

"तू विचारलंस कधी? पंचमी आली की तुझं पोट दुखायचं." अक्कानं वाकून त्यांचं डोकं धरलं, त्याच वाकड्या हातानं. "चोपन्न वर्षं हे पोटात घेऊन फिरलास व्हय रं? येड्या!"

काशम्मा डोळ्याला पदर लावत होत्या. दाक्षायणीबाई पुन्हा चपलेकडं बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. बिराजदार उठले. त्यांनी चारही नट पुन्हा एकदा आवळले, साखळी ओढून बघितली, आणि पाट पुसला.

"पक्कं आहे," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाले. "पक्कं आहे. बस."

"लेखी देता काय?" भिंतीपासून प्रभुअण्णांनी हाळी दिली.

"दिलंय की! पूर्ण नावानिशी!" बिराजदार असे ओरडले, की इस्त्रीवाल्यानं पुन्हा इस्त्री थांबवली.

अक्का चढली. बिराजदारांनी झोका दिला. भीती गेली होती असं समजू नका. प्रत्येक वेळी साखळी कुरकुरली की ते डोळे मिटायचे, आणि अक्का परत आली की डोळे न उघडताच पुन्हा ढकलायचे. "जोरात रं!" ती वरून ओरडत होती. मग काशम्मा झाल्या, मग दाक्षायणीबाई. त्यांनी वर जाताना लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली. मग एकेक करत सगळ्या. कुणी पडलं नाही.

ऊन चढल्यावर बायका लाह्या वाटायला लागल्या, तेव्हा पाट रिकामा होता.

"आता तू बस," अक्का म्हणाली.

"मी? बारा वर्षांवरील..."

"बस म्हणते ना. अंजब्याड," ती कानडीत म्हणाली. घाबरू नको म्हणायचं तर तिला कानडीच सुचायचं.

बिराजदार बसले. दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. पाय जमिनीला रोवून ठेवले. मागं अक्का उभी राहिली आणि तिचा वाकडा हात त्यांच्या पाठीला लागला.

"अक्का," मान न वळवता त्यांनी विचारलं, "पक्कं आहे ना ग?"

"पक्कं हाय."

बिराजदारांनी पाय उचलले.